घरीं केलेला उंच चौरंग
(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस हंसूं येईल. नभोवाणीवर बोलण्यास बोलावलें असतां वाङ्मय, इतिहास, राजकारण हे भारदस्त विषय सोडून हा गृहस्थ चौरंग कसा करावा हें सांगत बसणार, याला काय म्हणावें? शिवाय मी सुतार नव्हें. आयुष्याचीं चौतीस वर्षें मीं अमरावतीस मुलांना भूमिति शिकविण्यांत घालविलीं. काटकोन म्हणजे काय हें मीं हजारों मुलांस फळ्यावर काढून दाखविलें असेल. परंतु चार पाय आणि चार पट्ट्या प्रत्यक्ष काटकोनांत बसविण्याची वेळ आली, तेव्हां खडूची रेघ आणि करवतीची रेघ यांत किती अंतर असतें तें मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं कळलें.

कारण घरगुतीच होतें. माझी आई चौऱ्यांशी वर्षांची आहे. तिच्या खाटेशेजारीं जमिनीवर पाण्याचा तांब्या, चष्मा आणि औषधाच्या गोळ्या ठेवलेल्या असत. एके रात्रीं तांब्या घेण्यास ती खालीं वांकली आणि तिचा तोल गेला. दैव बरें म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलें. डॉक्टरांनीं मलम दिलें आणि जातां जातां मला म्हणाले, "औषधापेक्षां यांच्या हाताच्या उंचीवर कांहीं तरी ठेवा." दुसऱ्याच दिवशीं मीं बाजारांतून एक तयार टेबल आणलें. दिसावयास तें सागवानी होतें. वस्तुतः लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर सागाच्या रेषांचा छापील कागद चिकटविलेला होता. तांब्यांतलें पाणी रोज थोडें थोडें सांडे. आषाढ संपण्यापूर्वींच त्या फळीची कड भिजलेल्या पोह्यांसारखी फुगली. तेव्हां मीं मनाशीं ठरविलें कीं, आपल्या हातानें एक चौरंग करावयाचा. मात्र पूजेच्या चौरंगासारखा बुटका नव्हे, तर खाटेच्या उंचीचा.

पहिला प्रयत्न कसा फसला तें आधीं सांगतों. कारण मला जें कांहीं समजलें तें त्या फसण्यानेंच समजलें. श्रावणांत वखारींतून सागाच्या फळ्या आणल्या, रंधून घेतल्या, एकमेकींस चिकटवून अठरा इंच रुंदीचा पाट तयार केला आणि चारी बाजूंनीं सरस लावून, वर लोखंडी खिळे ठोकून तो चौकटीवर घट्ट बसविला. कोठें फट नाहीं, कोठें हालचाल नाहीं. मला मोठा अभिमान वाटला. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगा गेला. वैशाखांतल्या एका रात्रीं दीड वाजतां आईच्या खोलींत बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. आम्हीं धांवत जाऊन पाहिलें, तों चौरंगाचा पाट या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा फाटलेला! आई अंथरुणावर उठून बसली होती आणि "काय रे, वीज पडली कीं काय?" म्हणून विचारीत होती.

आमचें मूळ घर अचलपुरास. तें अचलपूर म्हणजेच जुनें एलिचपूर. १४९० पासून १५७४ पर्यंत वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. तेथील एका वृद्ध मिस्तरींना मीं तो फाटलेला पाट नेऊन दाखविला. वऱ्हाडांत सुताराला पुष्कळ ठिकाणीं वाढई म्हणतात. हे वाढई जन्मभर बंड्या, वखर आणि तिफणी करीत आलेले. त्यांनीं पाट उलटा केला, खिळ्यांची रांग पाहिली आणि माझ्याकडे असें पाहिलें कीं, तसें मी नापास मुलाकडे पाहत असें.

"मास्तर," ते म्हणाले, "लाकूड कापलं म्हून काही मरत नाही. त्याले पावसात फुगाले अन् उन्हात आकसाले जागा ठेवा लागते. तुम्ही त त्याले खुट्याले बांधलं."

सगळें शास्त्र या दोन वाक्यांत आलें. आपण वऱ्हाडकरांनीं तें सहज ओळखावयास हवें होतें. कारण आपल्या पायांखालचीच जमीन दरवर्षीं हा खेळ करून दाखविते. आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि वैशाखांत तिला अशा भेगा पडतात कीं, त्यांत हात कोपरापर्यंत जावा. लाकडाचेंही तसेंच आहे. हवेंतील ओल्याव्याबरोबर तें पाणी घेतें आणि सोडतें. अकोल्यास मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो, हवा भट्टीसारखी कोरडी होते. दोन-अडीच महिन्यांनीं त्याच घरांत मीठ पाझरतें आणि पापड सादळतात. समुद्रकांठच्या माणसाच्या लाकडाला एवढें सोसावें लागत नाहीं. तेथें हवा बाराही महिने दमट असल्यामुळें लाकूड जवळजवळ एकाच स्थितींत राहतें. मुंबईचें सुंदर टेबल अकोल्यास आणलें कीं पहिल्याच उन्हाळ्यांत त्याचे सांधे खिळखिळे होतात, तें याच कारणानें.

आतां थोडा हिशेब सांगितल्यावांचून भूमितीच्या मास्तराला राहवत नाहीं. लाकूड लांबीच्या दिशेनें जवळजवळ मुळींच आकसत नाहीं. जें काय आकसतें तें रुंदींत. त्यांतही, ओंडक्याच्या वर्तुळांना स्पर्शून कापलेली फळी, गाभ्याकडून सालीकडे कापलेल्या फळीच्या सुमारें दुप्पट हलते. सागाचें लाकूड या बाबतींत मोठें शांत गणलें जातें. म्हणून तर जहाजांपासून देव्हाऱ्यापर्यंत सर्वत्र त्याची प्रतिष्ठा. तरीही फळींतील पाण्याचें प्रमाण शेंकडा सातांनीं घटलें, तर वर्तुळाला स्पर्शून कापलेल्या अठरा इंच सागाची रुंदी सुमारें पाव इंच, म्हणजे सुताराच्या भाषेंत दोन सूत, कमी होते. माझ्या खिळ्यांनीं त्या दोन सुतांना परवानगी नाकारली. लाकडाला खिळे उपटतां आले नाहींत, म्हणून तें स्वतःच फाटलें.

जुन्या कारागिरांना हें आंकडे मोजल्यावांचून ठाऊक होतें. जुन्या वाड्यांतील कांहीं दारें पाहा. रुंद फळी एका चौकटींतील खांचेंत नुसती सरकविलेली असते, चिकटविलेली नसते. बंडीचें चाक उन्हाळ्यांत सैल झालें कीं गाडीवान तें नदीच्या पाण्यांत उभें करून ठेवी. लाकूड फुगे आणि आरे घट्ट बसत. उलट चाकावर लोखंडी धांव चढवितांना ती तापवून मोठी करीत आणि चढविल्याबरोबर पाणी ओतून आंवळून घेत. म्हणजे एकाच चाकांत लाकडाचें फुगणें आणि लोखंडाचें आकसणें हीं दोन्ही कामाला लावलेलीं. पदार्थविज्ञानाचा असा धडा आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत मीं कधीं पाहिला नाहीं. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली आणि जिच्यांतून डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीची योजना निघाली, तिचा मूळ विचार हाच होता कीं, मुलाची बुद्धि हस्तव्यवसायाच्या द्वारें उघडावी. वर्धा अमरावतीपासून किती दूर? पण आमच्या वर्गांत तो विचार वेळापत्रकाच्या एका चौकोनापलीकडे गेला नाहीं, आणि त्याला जबाबदार असलेल्यांत मीही एक आहें.

असो. दुसऱ्या चौरंगासाठीं लाकूड कोठून आणलें तें सांगतों. आपल्या अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस मेळघाट आहे, सागाचें रान. १९७३-७४ सालीं देशांत जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प ठरले त्यांत मेळघाट आला, आणि तेथील लाकडापेक्षां वाघाची किंमत अधिक, हें योग्यच झालें. परतवाडा हें त्या डोंगराच्या पायथ्याचें लाकडाचें जुनें ठाणें. कोणीं लाकूड विकत घेणार असेल, तर परवानाधारक वखारींतूनच घ्यावें आणि पावती मागावी. स्वस्त साग दारावर घेऊन येणाऱ्यास दारावरूनच परत पाठवावें. सागच पाहिजे असें नाहीं. आंब्याचें लाकूड स्वस्त, पण किडीला लवकर बळी पडणारें. कडुनिंबाला कीड कमी लागते. हळदूचें लाकूड पिवळसर आणि बारीक पोताचें, कातकामाला उत्तम. बाभूळ टणक आणि चिवट, वखर-तिफणीला योग्य. पण घरीं नवशिक्यानें बाभळीच्या नादीं लागूं नये, पटाशीपेक्षां मनगटच आधीं बोथट होईल. साग घेतांना मात्र गाभ्याचा, तपकिरी भाग घ्यावा. बाहेरची पांढरट लाकूडपट्टी दिसावयास नितळ असली तरी वाळवी तिला सोडीत नाहीं. गाभ्यांत जीं तेलकट द्रव्यें असतात त्यांमुळेंच वाळवी सागापासून दूर राहते.

मला लाकूड विकत घ्यावें लागलें नाहीं. त्याच वर्षीं आमचा अचलपूरचा वाडा पाडावयाचें ठरलें. चार भावांचीं चार मतें, छपराला गळती, भिंतीला भेगा. अधिक काय सांगूं? तुळया, वासे, चौकटी यांचा सौदा एका व्यापाऱ्याशीं झाला होता. मीं माझ्या हिश्शांतून माजघराच्या दाराची एक फळी, दोन वासे आणि त्याच दाराचा उंबरा एवढें मागून घेतलें. शंभर वर्षांचें लाकूड. आणखी वाळवावयास नको. नव्या लाकडास जाडीच्या प्रत्येक इंचामागें सावलींत एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. माझा बेत असा होता कीं, उंबऱ्याचे पाय करावे, कारण तो सर्वांत जाड आणि सर्वांत घट्ट.

घरीं आणलेला उंबरा आईनें व्हरांड्यांत पाहिला. तिनें त्यावर हात फिरविला. मधोमध तो पायांनीं झिजून खोलगट झालेला होता, आणि दोन्ही टोकांस हळदीकुंकवाचे थर लाकडांत मुरलेले होते. "याला करवत लावणार?" तिनें विचारलें. मीं म्हटलें, "तुझ्याच चौरंगासाठीं." ती म्हणाली, "साठ वर्षं रोज सकाळीं मी याची पूजा केली. माझ्या औषधाच्या बाटल्यांसाठीं याचे तुकडे नको करूं." मीं तिला समजावण्याचा प्रयत्न केला. दुसरें लाकूड इतकें चांगलें नाहीं, नाहीं तर हें तरी असेंच पडून राहील, असें पुष्कळ बोललों. तिनें एकही उत्तर दिलें नाहीं. दोन दिवस माझ्याशीं बोलणेंच सोडलें. तिसऱ्या दिवशीं मीं वाशांचे पाय करावयास घेतले.

जुन्या लाकडावर काम करणाऱ्यांस एक सूचना. त्यांत मोडलेले खिळे दडलेले असतात. आधीं लोहचुंबक फिरवावें, जुन्या तेलाचा आणि धुराचा थर तारेच्या ब्रशानें काढावा, मगच रंधा लावावा. मीं ही खबरदारी पहिल्या दिवशीं घेतली नाहीं आणि रंध्याच्या पात्याला अर्धचंद्राकृति खांच पडली. सागांत मुळांतच वाळूचा अंश असतो, त्यामुळें तें हत्यारांची धार लवकर खातें; त्यांत खिळ्याची भर नको. सागाचा बारीक भुसा नाकांत गेला कीं शिंका येतात, म्हणून तोंडाला रुमाल बांधावा.

हत्यारें थोडींच लागतात: बारीक दातांची करवत, एक रंधा, पाव इंची आणि पाऊण इंची अशा दोन पटाश्या, मोगरी, गिरमीट आणि गुण्या. गुण्या म्हणजे काटकोन पाहण्याचें हत्यार. विकत आणल्याबरोबर तो खरा आहे कीं नाहीं तें पाहावें: सरळ कडेला टेकवून एक रेघ ओढावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूंतून दुसरी ओढावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर ठीक. फांकल्या तर गुण्या दुकानदाराला परत करावा.

आतां मापें. प्रथम खाटेवर गादीसह किती उंची होते तें मोजावें आणि चौरंग तेवढाच करावा. उंच झाला तर निजलेल्या माणसाचा हात तांब्याला लागून तो लवंडतो, बुटका झाला तर पुन्हां वांकणें आलेंच. आमच्याकडे ही उंची वीस इंच आली. वरचा पाट पंधरा इंच चौरस, जाडी पाऊण इंच, म्हणजे सहा सूत. पाय दीड इंच चौरस आणि सव्वाएकोणीस इंच लांब. पाट चौकटीबाहेर सर्व बाजूंनीं एक इंच यावा. म्हणून पायांच्या बाहेरच्या कडांमधलें अंतर तेरा इंच, आणि दोन पायांच्या मधली मोकळी जागा दहा इंच. पायांना जोडणाऱ्या चार पट्ट्या तीन इंच रुंद व सहा सूत जाड. प्रत्येकीचीं दोन्ही टोकें पायांत पाऊण पाऊण इंच शिरावयाचीं, म्हणून तिची एकूण लांबी साडेअकरा इंच. हा हिशेब कागदावर चारदां करावा. लाकूड एकदां तोकडें कापलें गेलें कीं त्यावर कोणतेंही बीजगणित चालत नाहीं.

खरी कसोटी सांध्यांत आहे. पट्टीच्या टोकाला कातरून जें जिभेसारखें लाकूड पुढें काढतात तें कुसूं, आणि पायांत तें बसविण्यासाठीं जें चौकोनी भोंक पाडतात ती खोबण. माणसाला हा सांधा फार जुना आहे. जर्मनींत लायप्झिग शहराजवळ सुमारें सात हजार वर्षांपूर्वींच्या लाकडी विहिरी सांपडल्या, त्यांच्या बांधणींत असे सांधे आहेत; आणि तीं लाकडें कापणाऱ्यांजवळ लोखंड नव्हतें, नुसते दगडाचे वाकस होते. हें वाचल्यापासून मीं माझ्या हत्यारांस दोष देणें सोडलें.

कुसवाची जाडी पट्टीच्या एक तृतीयांश ठेवावी. सहा सुतांची पट्टी, म्हणून दोन सूत. आणि पाव इंची पटाशीही दोन सुतांचीच, म्हणजे खोबणीची रुंदी पटाशीच ठरविते. खोबण पाऊण इंचापेक्षां खोल करूं नये. कारण एकाच पायांत शेजारच्या दोन बाजूंनीं दोन खोबणी येतात, आणि पट्टी पायाच्या कडेपासून दोन सूत आंत ठेवली असतां त्या सहा सुतांवर एकमेकींस अगदीं शिवतात. अधिक खोल गेलांत तर पाय आंतून पोकळ होतो. पायाच्या वरच्या टोकाशीं अर्धा इंच लाकूड अखंड ठेवावें, नाहींतर मोगरीच्या ठोक्यानें टोंक फाटतें. कुसूं आधीं जाड ठेवून हळूहळू तासावें. तें हाताच्या दाबानें अर्धें जावें आणि उरलेलें मोगरीच्या हलक्या ठोक्यानें. सहज आंत गेलें तर सैल. जोरानें ठोकावें लागलें तर पाय चिरेल.

मिस्तरींनीं मला येथें एक युक्ति शिकविली, तिच्यापुढें मीं हात जोडले. सांध्यांतून बांबूची खुंटी ठोकावयाची असते. पायांतील भोंक आधीं पाडावें, कुसूं आंत बसवून त्यावर भोंकाची खूण करावी, मग कुसूं बाहेर काढून त्यांतलें भोंक त्या खुणेपेक्षां नखाच्या जाडीइतकें पट्टीच्या बाजूला सरकवून पाडावें. दीड सूत जाडीची, टोकाला निमुळती केलेली खुंटी ठोकली म्हणजे ती वांकडीतिकडी वाट काढीत कुसवाला आंत ओढते आणि सांधा आपोआप आंवळला जातो. सरस लावला नाहीं तरी चालतो. पूर्वीं चामड्याचा सरस पाण्याच्या भांड्यांत भांडें ठेवून शिजवीत आणि त्याची दुर्गंधि घरभर पसरे. १९५९ सालीं फेव्हिकॉल निघाल्यापासून ती कटकट गेली. सागाचें लाकूड तेलकट असल्यामुळें रंधल्याबरोबर त्याच दिवशीं चिकटवावें, शिळ्या पृष्ठभागावर चिकटविलेलें लवकर सुटतें.

पाटासाठीं पांच पांच इंचांच्या तीन फळ्या कडेला कड लावून चिकटविल्या. त्यांच्या टोकांकडे पाहिलें असतां वर्तुळाच्या कमानी दिसतात. फळी सुकतांना त्या कमानी सरळ होऊं पाहतात आणि फळी गाभ्याच्या बाजूनें फुगीर होते. म्हणून एकीची कमान वर तर शेजारणीची खालीं, अशी मांडणी करावी. घरांतल्या जावांप्रमाणें एकीचा कल दुसरीनें सांवरावा, असें मिस्तरी म्हणाले. माझ्या पत्नीला ही उपमा रुचली नाहीं.

आणि आतां तो पाट चौकटीवर बसवावयाचा, जेथें पहिल्या वेळीं माझें नाक कापलें गेलें. खिळे नाहींत, सरस नाहीं. पट्ट्यांच्या आंतल्या बाजूस वरच्या कडेपासून अर्ध्या इंचावर एक उथळ खांच घ्यावी. लाकडाचे बोटभर ठोकळे करावे, त्यांचें एक टोक खांचेंत जाईल असें जिभेसारखें तासावें आणि ते ठोकळे स्क्रूनें फक्त पाटाला जोडावे. जीभ खांचेंत अडकल्यामुळें पाट वर उचलला जात नाहीं, पण आडवा सरकूं शकतो. ज्या दोन पट्ट्या पाटाच्या रेषांना आडव्या जातात त्यांच्या मधोमध मात्र एकेक स्क्रू घट्ट बसवावा, म्हणजे पाटाचें मध्य हलत नाहीं आणि फुगणें-आकसणें दोन्हीकडे सारखें वांटलें जातें. राहिल्या दोन पट्ट्या. तेथें ऋतु पाहून वागावें. मे महिन्यांत जोडीत असाल तर ठोकळा आणि पट्टी यांमध्यें एक सुताची फट ठेवा, कारण पाट अजून फुगावयाचा आहे. श्रावणांत जोडीत असाल तर ठोकळा पट्टीशीं जवळजवळ भिडवा, कारण तो आतां मागें सरणार आहे.

चार पाय जमिनीवर टेकविले तों चौरंग डुगडुगला. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरांत पाण्याच्या घागरी तिवईवर असत. शेणानें सारवलेल्या, काळ्या मातीबरोबर वरखालीं होणाऱ्या जमिनीवर तीन पाय कधींच डुगडुगत नाहींत, कारण कोणतेही तीन बिंदु एका प्रतलांत असतात. मग मींही तिवईच कां केली नाहीं? आई उठतांना चौरंगाच्या कडेवर हात रेटून उठते. तीन पायांच्या मधला त्रिकोण लहान. कोपऱ्यावर भार पडला कीं तिवई कलते. डुगडुगणारी वस्तु गैरसोयीची, पण कलणारी वस्तु घातक. म्हणून चार पाय. गणितज्ञांनीं एक मौजेचा सिद्धांत सिद्ध केला आहे: जमिनीचे चढउतार फार तीव्र आणि तुटक नसतील, तर चौरस टेबल जागच्या जागीं पाव फेऱ्याच्या आंत फिरविलें असतां त्याचे चारही पाय एकदां तरी टेकतातच. आमच्या खोलींत शहाबादी फरशी आहे आणि तिचे सांधे वरखालीं आहेत, म्हणून सिद्धांत लागू पडला नाहीं. शेवटीं सपाट ओट्यावर चौरंग ठेवून, लांब पायाखालीं खूण करून तो कानशीनें घांसला.

शेवटचा प्रश्न चकाकीचा. लाखेचें पॉलिश सुंदर दिसतें, पण त्यावर ओला तांब्या राहिला कीं पांढरें वर्तुळ उमटतें. आपल्याकडे जवस पिकतो. जवसाचें तेल लाकडांत मुरतें आणि हवेंतला प्राणवायु घेऊन आंतच घट्ट होतें. पातळ हात द्यावा, अर्ध्या तासानें पुसून काढावें, दोन-तीन दिवस वाळूं द्यावें. असे चार हात. एक धोका मात्र नीट ऐका. तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नका. तेल सुकतांना उष्णता निघते, चिंध्यांच्या गोळ्यांत ती कोंडते आणि त्या आपोआप पेटतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत तर नक्कीच हा खेळ नको. चिंध्या पाण्यांत बुडवाव्या किंवा अंगणांत एकेक पसरून वाळवाव्या.

चौरंग झाल्यास आतां दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे होऊन गेले. मे महिन्यांत आणि ऑगस्टांत मीं पाट फूटपट्टीनें मोजतों. दोहोंत दीड सुताचें अंतर पडतें, आणि आवाज कसलाही होत नाहीं. त्यावर आईचा तांब्या, चष्मा, गोळ्यांची डबी आणि एक जपमाळ असते. दाराच्या फळीवर पूर्वीं कडी होती तेथें एक काळें भोंक राहिलें आहे. तें बुजवूं कीं काय, असें मीं विचारलें होतें. "राहूं दे," ती म्हणाली, "अंधारांत बोट लागलं कीं कळतं, हें माजघराचं दार आहे."

उंबरा अजून व्हरांड्यांत भिंतीशीं उभा आहे. सकाळीं कोणी तरी त्यावर हळदकुंकू वाहतें.